अर्धा एकर लग्नाचा झेंडू

प्लास्टिकची माळ टीपॉयवर ठेवत भाग्यश्रीताई म्हणाल्या, "हातात घेऊन तर बघा. धुता येते. वासाचा फवारापण मारून देतात."

झेंडूची माळ होती. पिवळं एक, केशरी एक, पुन्हा पिवळं एक, केशरी एक. कुठं चूक नाही, कुठं किडकी पाकळी नाही. माळ कुणी हातात घेतली नाही. त्रिशलानं नवऱ्याच्या पायाकडं पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती जयपालचा राग तोंडावरून नाही, पायावरून ओळखायला शिकली होती. उजव्या पायाचा अंगठा फरशी घासायला लागला की समजावं. अंगठा चालू झाला होता.

बैठक तशी साधीच ठरलेली होती. लग्न अकरा दिवसांवर आलेलं. आचारी, मांडव, बँडवाला, पाहुण्यांच्या गाड्या, सगळ्याची शेवटची यादी करायची, दोन्हीकडच्यांनी खाली सह्या करायच्या आणि दिवस मावळायच्या आत खपलीची खीर खाऊन सांगलीच्या पाहुण्यांनी परत जायचं. पाहुणे तिघंच होते. नवरामुलगा अरिहंत, त्याचे वडील बाळासो आणि आई भाग्यश्रीताई. यादी लिहायला जयपालचा धाकटा भाऊ दादासो बसला होता, कारण त्याचं अक्षर चांगलं. वाटण्या झाल्यापासून दोन्ही भावांत त्या अक्षराव्यतिरिक्त फारसं काही चांगलं उरलेलं नव्हतं, पण लग्नकार्यात तेवढ्यावर भागतं.

यादीत चौथा मुद्दा होता मांडवाची फुलं. जयपालनं छाती काढून सांगितलं, "ते लिहू नगा. ते माझं." आणि तेव्हा भाग्यश्रीताईंनी पिशवीतून ही माळ काढली. मग सांगितलं की चातुर्मासात त्यांनी महाराजांपुढं नियम घेतलाय. फुलांचा. घरच्या कार्यात एकही ताजं फूल तोडलं जाणार नाही. आधी का सांगितलं नाही, तर योग्य वेळेची वाट बघत होत्या.

अकरा दिवस आधीची ही योग्य वेळ घराच्या मागं अर्ध्या एकरात कळ्यांनी लगडून उभी होती.

वैशाखात साखरपुडा झाला आणि तारीख निघाली, त्याच दिवशी जयपालनं कॅलेंडर काढून दिवस उलटे मोजले होते. लग्नाच्या आधी पासष्ट दिवस लावण, त्याच्या आधी पंचवीस दिवस बी ट्रेमध्ये, लावणीला महिना होत आला की शेंडा खुडायचा म्हणजे झाड फुटतं. नांद्र्यापासून सांगलीपर्यंत दसऱ्याचा झेंडू म्हटलं की जयपाल, पण हा झेंडू बाजाराचा नव्हता. मधे केशरी मोठा गोंडा, त्याच्या दोन्ही अंगाला लिंबासारखा पिवळा, आणि कडेच्या चार सऱ्या नवऱ्यामुलीच्या, ब्राह्मीच्या. मांडवाच्या कोणत्या खांबाला कोणता रंग, हे त्यानं ठिबकच्या पाईपवर बसून त्रिशलाला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला तो मांडव बघून झाल्यासारखाच वाटत होता. पोरीच्या लग्नात बापानं रडायचं असतं, जयपालनं त्याऐवजी लावण केली होती.

त्रिशलाला मात्र मांडवाची काळजी नव्हती. काळजी होती ती कडेच्या त्या चार सऱ्यांची.

ब्राह्मी शेतीचं शिकली होती. मखमल म्हणजे बुटका, तांबडा झेंडू. त्यातलं एकच झाड तिला चार वर्षांपूर्वी वेगळं दिसलं. रंग काळसर तांबडा आणि प्रत्येक पाकळीला पिवळी कड, काढल्यासारखी. त्या झाडाचं बी तिनं धरलं, लावलं, त्यातली निवडली, पुन्हा लावली. निवडलेल्या झाडाला ती तांबडा दोरा बांधायची आणि घरात ताकीद द्यायची की या झाडाचं फूल कुणी तोडायचं नाही. ते झाडावरच सुकून काळं पडलं की मग ती स्वतः काढायची आणि बिस्किटाच्या डब्यात जपायची. चार वर्षांनी आता कुठं सगळी झाडं एकसारखी यायला लागली होती.

अरिहंत बघायला आला तेव्हा पोरीनं त्याला पोह्याच्या आधी तो डबा दाखवला होता. पोरगा डब्याकडं बघून म्हणाला, आमच्या हळदीच्या गोदामामागं अर्धा एकर मोकळा आहे, तिथं नर्सरी काढ. ब्राह्मीनं होकार दिला. तो अरिहंतला दिला की त्या अर्ध्या एकराला, हे त्रिशलाला अजूनही नक्की सांगता आलं नसतं.

आणि आता ज्या घरात फूल तोडायचं नाही, त्या घरात फुलांची बाई निघाली होती. ही गोष्ट बैठकीत अजून कुणाच्याच लक्षात आलेली नव्हती. सगळे मांडवावरच अडले होते.

"वैनी, ह्यांचं बराबर हाय," दादासो म्हणाला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि एकाएकी धार्मिक चेहरा केला. "आपल्या धर्मात हिंसा न्हाई. दादाला मी कवापासनं सांगतोय, रोज सकाळी उठून हजारो फुलं तोडाय लागतात, त्यापेक्षा ऊस लाव."

ऊस गेल्यावर दरवर्षी फडातलं पाचट हाच दादासो पेटवायचा आणि त्या जाळात किती जीव जातात हे त्यानं कधी मोजलेलं नव्हतं, हे त्रिशलाच्या जिभेवर आलं होतं. पण दीर होता आणि यादी त्याच्या हातात होती. तिनं गिळलं.

खरा घोटाळा जयपालनं केला. तो गप्प राहिला असता तर निभलं असतं. पण झेंडूला कुणी वाईट म्हटलं की त्याला राहवत नसे, आणि तो झेंडूचे गुण सांगायला लागला. दसरा म्हणू नका, पाडवा म्हणू नका, दाराला शोभा कशानं. कान दुखला तर पाल्याचा रस. जखमेला पाला. इथपर्यंत भाग्यश्रीताई मान हलवत होत्या. मग तो म्हणाला, "आणि टोमॅटोत मधे मधे झेंडू लावा तुमी. मुळाला जे बारीक किडे लागत्यात, ते झेंडूच्या मुळापाशी येऊन मरत्यात बघा. औषध माराय नको, काय नको. आपोआप मरत्यात."

भाग्यश्रीताईंनी हात तोंडाजवळ नेला. "मरतात?"

"लाखानं," जयपाल अभिमानानं म्हणाला.

त्रिशलानं डोळे मिटले. दादासोला एवढी आयती संधी वाटणी झाल्यापासून मिळाली नव्हती. तो हळूच म्हणाला, "आणि भाव पडल्यावर त्या कारखान्याला घालतोस, त्याचं सांग की. त्याचं काय करत्यात ते."

"रंग काढत्यात."

"कशाचा रंग? कोंबड्यास्नी चारत्यात दादा. अंड्यातला बलक केशरी दिसावा म्हणून. तुझ्या झेंडूनं दोन वर्सं झाली अंडी रंगाय लागल्यात."

जयपालला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहराच सांगत होता. ज्या घरात कांदा येत नाही, त्या घराचा झेंडू अंड्यात जाऊन बसला होता. अंगठा थांबला. त्रिशलाला त्याचा असा कळवळा आला की भर बैठकीत उठून त्याच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटलं. पण तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि तिला कळलं की आता वाईट बोलणार. माणूस लाजला की असंच बोलतो.

"पाव्हणं," तो बाळासोंना म्हणाला, "तुमची मका आणि सोयाची पेंड कुठं जाती वो? ती कोण खातंय?"

बाळासो हळद, मका आणि पेंडीचे व्यापारी. ती पेंड कुठं जाते हे सांगली-मिरजेत सगळ्यांना माहीत होतं, आणि जैन व्यापाऱ्याला तोंडावर कुणी ते विचारत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. बाळासोंनी खोकला काढला. भाग्यश्रीताईंनी नवऱ्याकडं पाहिलं ते असं, की या प्रश्नावर त्यांच्याही घरी कधीतरी चर्चा झाली असावी. अरिहंत मोबाईलमध्ये बघत होता, बंद मोबाईलमध्ये.

"उशीर होतोय," बाळासो म्हणाले आणि टोपी हातात घेतली.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. पाऊण तासात दिवस मावळणार. एकदा दिवस मावळला की ही मंडळी पाण्याव्यतिरिक्त काही घेणार नाहीत, आणि मुलीच्या घरून सोयरे उपाशी उठले तर सोयरीक मोडली असंच सगळा गाव धरून चालतो. आचाऱ्याला तर फोनही करावा लागणार नाही, त्याला आपोआप कळेल. त्रिशला "बसा की, पानं मांडते" म्हणत आत गेली.

स्वयंपाकघरात ब्राह्मी खिरीचा हंडा ढवळत उभी होती. खीर केव्हाच झाली होती, ती उगीच ढवळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, मांडवाचं जाऊ दे. नर्सरीचं इचार."

"तूच इचार की. तुझं तोंड काय शिवलंय?"

"मी इचारलं आणि त्या न्हाई म्हणाल्या, तर ते न्हाईच ऱ्हाईल. तुला म्हाईत हाय. तू इचार." मग तिनं पळी हंड्याच्या काठावर ठेवली. "आणि न्हाईच म्हणाल्या तर मी न्हाई जायची त्या घरात. आत्ताच सांगते. अरिहंत चांगला हाय, पण चार वर्सं मी डब्यात झाकून ठेवाय न्हाई घालवली."

त्रिशलाला तिला रागवायचं होतं. अकरा दिवसांवर लग्न आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. पण स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिला शिवणाचं मशीन बरोबर न्यायचं होतं आणि ते तिनं कुणाला विचारलंच नव्हतं, हे तिला आज बत्तीस वर्षांनी नको त्या वेळी आठवलं. मशीन अजून माहेरी होतं. त्यावर आता भावजय पापड वाळत घालते. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

बाहेर सुलाआत्ती बोलत होत्या. जयपालच्या वडिलांची ही थोरली बहीण. ऐंशी वर्षांची, एकभुक्त, आणि आयुष्यात इतके नियम घेतलेली की त्यातले काही तिला स्वतःलाच आठवून बघावे लागत. आतापर्यंत ती कोपऱ्यात माळ जपत बसली होती आणि सगळ्यांनी ती झोपलीय असं धरलं होतं.

"बाई, मला एवढं सांग," ती भाग्यश्रीताईंना म्हणाली. "म्हाराजांम्होरं हात जोडून तू शब्द काय बोललीस? नियम शब्दाला बांधलेला असतोय. मनात काय हुतं ते नगं, शब्द सांग."

भाग्यश्रीताई सावरून बसल्या. त्यांना हा प्रश्न आवडला. इतका वेळ त्यांना कुणी इतक्या आदरानं काही विचारलं नव्हतं. त्यांनी खरोखर हात जोडले आणि म्हटलं, "माझ्या घरच्या कार्यात, आणि माझ्या घरच्या माणसाच्या हातून, उमललेलं ताजं फूल तोडलं जाणार नाही. आजन्म."

"घरच्या मानसात सून आली?"

"सून आलीच की."

आत हंड्यावर पळी आपटली. अरिहंतनं पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला आणि "आई, पण..." असं काहीतरी म्हणाला. आईनं पाहिल्यावर उरलेलं त्यानं आत ठेवलं. तेवढंही त्रिशलाला बरं वाटलं. निदान 'पण' तरी आहे, पुढचं पोरगी बघेल.

पण ब्राह्मीला नर्सरी नाही, हे आता सगळ्यांसमोर ठरल्यासारखं झालं होतं. त्रिशला तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. खिडकीतून तिला मागचं रान दिसत होतं. केशरी, पिवळं, आणि कडेला ती काळसर तांबडी रांग. त्यात इथं तिथं बांधलेले दोरे. या झाडाचं फूल कुणी तोडायचं नाही, असं चार वर्षं पोरगी ओरडत आली होती. हेच तर भाग्यश्रीताईही म्हणत होत्या.

त्रिशलानं तांब्या खाली ठेवला.

"ताई, ताजं फूल म्हणालासा न्हवं?"

"ताजंच. उमललेलं."

"मग मी सांगते," त्रिशला म्हणाली. "मांडवात आमच्या रानातलं एक फूल लागणार न्हाई. ही तुमची माळ लावू. आणि रानात बी कुणी हात लावणार न्हाई. अर्ध्या एकरातली सगळी फुलं झाडावरच ऱ्हातील. दादासो भाऊजी, लिवा."

जयपालनं बायकोकडं पाहिलं. राग नव्हता त्यात, राग असता तर बरं झालं असतं. बत्तीस वर्षांत ती त्याच्या विरुद्ध पाहुण्यांसमोर कधी बोलली नव्हती. दादासोनं खुशीत पेन उचललं. भाग्यश्रीताईंना तर गहिवरून आलं; सगळं रानच्या रान सोडलं म्हणजे पुण्य केवढं, असं त्या म्हणाल्या आणि पुण्यातला निम्मा वाटा त्रिशलाला द्यायला तयार झाल्या.

"एवढंच इचारायचं हुतं," त्रिशला म्हणाली, "झाडावरच सुकून काळं पडल्यालं फूल. त्याचं काय?"

"त्याचं काय असायचं?"

"न्हाई, तुमच्या नियमात येतंय का ते?"

"सुकलेलं कसं येईल? तो कचराच की."

"मग तो कचरा आमच्या पोरीला द्या," त्रिशला म्हणाली. "हितल्या रानातला बी, आणि उद्या तुमच्या गोदामामागं अर्ध्या एकरात जी झाडं ती लावंल, त्यांचा बी. ताज्याला ती हात लावणार न्हाई. सुकलेलं तेवढं तिचं. यादीत घाला म्हणजे माझ्या मनाला बरं वाटंल."

भाग्यश्रीताई हसल्या. सोयरीणबाई साध्या आहेत, असं त्यांना वाटलं असावं. सोनं नाही, भांडी नाही, कचरा मागतात. "घाला घाला," त्या म्हणाल्या.

बाळासो मात्र हसले नाहीत. तीस वर्षं बाजारात बसलेला माणूस. सुकलेल्या गोंड्यात काय असतं हे त्यांना समजत होतं. त्यांनी त्रिशलाकडं बघितलं. त्रिशलानं तांब्याकडं बघितलं. मग त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि दादासोला म्हणाले, "गोदामामागचा अर्धा एकर नीट लिहा. गट नंबर मी सांगतो." पेंडीच्या प्रश्नापासून त्यांना कुणासाठी तरी काहीतरी चांगलं करावंसं वाटत होतं, आणि हे जवळच होतं.

राहता राहिल्या सुलाआत्ती. बियात जीव असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पर्वात त्या दाणा पाखडताना सुद्धा जपून पाखडत. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं फिसकटलं असतं. आत्तींनी माळेचे दोन मणी सरकवले.

"शब्दात न्हाई ते नियमात न्हाई," त्या म्हणाल्या. "उठा आता. दिस चाललाय."

सह्या झाल्या. दादासोच्या सुंदर अक्षरात मुद्दा चौथा असा उतरला: मांडवास कृत्रिम फुले, वरपक्षाकडून. सुकलेल्या झेंडूचा कचरा, वधूकडे कायम. आपण काय लिहिलं हे त्याला कळलं नाही आणि त्रिशलानंही त्याला कळवलं नाही.

पावणेसहाला पानं वाढली. ब्राह्मीनं खीर वाढली, आणि सासूच्या वाटीत तूप इतकं ओतलं की भाग्यश्रीताई "पुरे, पुरे" म्हणत राहिल्या. अरिहंतच्या पानाशी ती वाकली तेव्हा तो हळूच म्हणाला, "कचऱ्याला शेड लागेल ना? मी बांधून देतो." पोरगी हसली. त्रिशलानं ते पाहिलं. डोळे भरून आले, तसं तिनं आमटीच्या वाफेचं निमित्त केलं.

जयपाल जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर ती त्याला शोधत मागं गेली. अजून दिसण्याइतका उजेड होता. तो केशरी झेंडूच्या सरीत उभा होता, दोन्ही हात पाठीमागं धरून. तोडायचं नाही म्हटल्यावर त्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नसावं.

तिनं त्याला बियाचं सांगितलं. सांगायची गरज नव्हती, त्याला बैठकीतच कळलं होतं. झेंडूवाल्याला कळणार नाही तर कुणाला.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "पोरीचं झालं. पन मला मांडवात बघायचा हुता गं."

"मला ठावं हाय."

"आठ दिसात पुरा फुलंल बघ. आणि लगीन हुईल तितं, प्लास्टिकखाली."

पोरीच्या सुखासाठी तिनं नवऱ्याचं सुख दिलं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देणार होती. वाईट मात्र वाटत होतं, खूप वाटत होतं. ती तशीच त्याच्याजवळ उभी राहिली.

जयपाल कडेच्या सरीकडं गेला. एका झाडाजवळ दोऱ्याचं रीळ पडलेलं होतं, ब्राह्मीचं. त्यानं वीतभर दोरा तोडला आणि परत केशरीत आला. सगळ्यात मोठा गोंडा असलेलं झाड शोधलं आणि खाली वाकला.

"आवं, हे हायब्रीड हाय," त्रिशला म्हणाली. "ह्याचं बी धरून काय हुणार? जसंच्या तसं येत न्हाई, तुमीच सांगता की सगळ्यास्नी."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. गाठ नीट बसली की नाही हे त्यानं बोटानं दाबून बघितलं. "तसंच येत न्हाई. पन येतंय."